भुकटीची आंघोळ

गिरणीवाल्यांना हळू बोलता यायचं नाही. कोवळ्या वयात वडिलांच्या हाताखाली गिरणीत उभे राहिले, तेव्हापासून कानाशी दगडांची घरघर. त्या घरघरीच्या वर आवाज काढल्याशिवाय गिऱ्हाइकाला 'बारीक की जाड' एवढंसुद्धा विचारता यायचं नाही. तोच आवाज घशात कायमचा बसला. कुणाच्या दुःखाला भेटायला गेले तरी 'फार वाईट झालं' हे ते अशा सुरात म्हणायचे की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

माणूस मात्र मऊ. दळण संपल्यावर गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी झटकून, कोपऱ्यात अडकलेलं शेवटचं पीठही ज्याचं त्याच्या डब्यात घालणार. देवावर भाव होता, पण तो बोलून दाखवण्यातला नव्हता. सकाळी मोटरचं बटण दाबण्याआधी डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे, एवढंच.

लग्न राहून गेलं होतं. कसं राहिलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग मोटर जळाली, आणि मग एके दिवशी आरशात पाहिलं तर भुवया पांढऱ्या. पिठाने की वयाने, हे बघायला त्यांनी तोंड धुतलं. भुवया पांढऱ्याच राहिल्या.

गिरणीच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. नवरा गेल्यावर अक्का भावाकडे आली ती एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात कपडे घासायचा ब्रश घेऊनच. स्वच्छता हा तिचा स्वभाव नव्हता, तो तिचा दरारा होता. पडदे दर आठवड्याला, उशांचे अभ्रे एक दिवसाआड, आणि साबणसुद्धा वापरून झाला की ती पाण्याखाली धरून धुवायची. अशा बाईच्या नशिबी गिरणीवाला भाऊ आला. ती पुसत जायची आणि मागून पीठ बसत यायचं. दोघांपैकी कुणीच हार मानली नव्हती.

अशा घरात मांजर आलं.

कुठून आलं ते कुणी पाहिलं नाही. एका सकाळी गिरणीवाल्यांनी शटर वर केलं तर रिकाम्या पोत्यांच्या चळतीवर ती बसलेली होती, आणि 'आज उशीर केलात' अशा चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होती. पांढरीशुभ्र. निदान तेव्हा तरी ती पांढरीच वाटली, कारण रात्रभर पोत्यांवर लोळली होती. गिरणीत जे येतं ते तासाभरात पांढरं होतं. कॅलेंडर होतं, माणूस होतो, मग मांजर कसं सुटणार. गिरणीवाल्यांनी तिचं नाव भुकटी ठेवलं. ती मोटरच्या पट्ट्याखाली उबेला झोपायची, उंदरांचा बंदोबस्त करायची, आणि संध्याकाळी मोटर बंद झाली की त्यांच्या मांडीवर येऊन घरघर सुरू करायची. दिवसभर घरघरीत काढलेल्या माणसाला ही घरघर इतकी गोड लागायची की जेवायला उठायचं जिवावर यायचं.

अक्काने एकच अट घातली. मांजराला आठवड्याला आंघोळ, पडद्यांच्या दिवशी. भाऊ म्हणाला, चालेल. त्यात चालण्यासारखं काय नव्हतं? पहिली आंघोळ येत्या सुट्टीला ठरली.

पण त्याच आठवड्यात शिलाईवाल्या बाई दळण घेऊन आल्या.

या बाई चार घरं पलीकडे एका खोलीत राहत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे असं शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. डबा काट्यावर ठेवून त्यांनी भुकटीच्या पाठीवरून हात फिरवला, तळव्याला लागलेलं पीठ पाहिलं आणि हसल्या. मग म्हणाल्या, आमचं मांजर असंच होतं, एवढंच. खोलीला रंग देत होते तेव्हा घाबरून पळालं ते परत आलंच नाही. राखाडी होतं, राखेसारखं. आणि डबा ठेवून निघून गेल्या.

गिरणीवाले जागच्या जागी थिजले. कारण त्याच सकाळी भुकटीच्या कानामागे अडकलेलं कुसळ काढताना त्यांना पिठाखाली काहीतरी दिसलं होतं. आणि ते पांढरं नव्हतं. ते राखाडी होतं.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? बाईंना हाक मारून विचारलं असतं, तुमच्या मांजराची आणखी काही खूण? पण विचारलं आणि खूण जुळली, तर? मांडीवरची घरघर गेली. त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी एवढंच ठरवलं की काही झालं तरी या मांजराच्या अंगाला पाणी लागता कामा नये.

सुट्टीचा दिवस उजाडला. अक्काने घमेलं काढलं, पाणी तापवलं, बाह्या वर केल्या. भाऊ म्हणाला, तिला आज शिंका येतायत. पुढच्या आठवड्यात म्हणाला, हवा गार आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाला, तिने आत्ताच खाल्लंय, भरल्या पोटी आंघोळ बरी नव्हे. अक्का म्हणाली, लहानपणी स्वतःची आंघोळ चुकवताना तू हीच तीन कारणं द्यायचास, चौथं अजून सुचलेलं दिसत नाही.

चौथं आणायला ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. भुकटी टोपलीत, टोपलीवर फडकं. डॉक्टरीण वयाने लहान होती पण हात शांत होते तिचे. मांजराला किती दिवसांनी आंघोळ घालावी, असं त्यांनी विचारलं. बाहेर बसलेल्या सगळ्यांनाही ते ऐकू गेलं. डॉक्टरीण म्हणाली, दिवस कसले मोजायचे? मांजर जागं असताना निम्मा वेळ स्वतःला चाटून साफ करत असतं. बऱ्याच मांजरांना जन्मात आंघोळ लागत नाही. तेल, रंग, वंगण असलं काही अंगाला लागलं, किंवा आजारपणाने तिचं तिला चाटता येईना, तरच घालावी. तीही कोमट पाण्याने, कानात पाणी जाऊ न देता, माणसांचा साबण न लावता, आणि मग पुसून अगदी कोरडी करून. उगाच दर आठवड्याला धुतलं तर कातडी कोरडी पडते, मांजर खाजवून खाजवून बेजार होतं.

गिरणीवाल्यांना ती डॉक्टरीण साक्षात देवाने पाठवल्यासारखी वाटली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. तुमच्या मांजराचं दुखणं वेगळंच आहे, ती म्हणाली, हे पीठ चाटून चाटून तिच्या पोटात जातंय, म्हणून ही अशी उशीसारखी झालीय. हिला रोज ब्रशने विंचरायला हवं. थांबा, दाखवते, आणि मुळात हिचा रंग कोणता तेही बघू. असं म्हणून तिने ब्रश उचलला, आणि पिठाला पाणी लावलं तर, असं काहीतरी सांगायला लागली. तोवर गिरणीवाले मांजर टोपलीत कोंबून रस्त्याला लागले होते.

घरी येऊन त्यांनी अक्काला ऐकवलं ते फक्त आंघोळीचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही ऐकवलं. गहू ओतता ओतता सांगायचे, मांजराला आंघोळ घालणं म्हणजे पाप. डॉक्टर 'पाप' म्हणाली नव्हती, पण तेवढी भर त्यांनी घातली. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या त्या डॉक्टरणीला एकदा इकडे राहायला बोलाव, माझ्या चादरी तिनेच चाटून साफ कराव्यात.

आंघोळ टळली, पण मन काही शांत होईना. सकाळी डोळे मिटून उभे राहिले की देवाच्या जागी राखाडी मांजर दिसायचं. दुसऱ्याच्या डब्यातलं चिमूटभर पीठ न घेणारा माणूस दुसऱ्याचं अख्खं मांजर घेऊन बसला होता. मग त्यांनी सुचेल तशी भरपाई सुरू केली. शिलाईवाल्या बाईंचा डबा आला की रांगेतले डबे बाजूला. त्यांचं दळण काढायच्या आधी दगड झाडून घ्यायचे, पीठ हाताला लावून दोनदा बघायचे. डबा स्वतः उचलून घरापर्यंत पोचवायचे, आणि वाटेत बाईंनी काही विचारलं की मान खाली घालून 'हो', 'नाही' एवढंच म्हणायचे. एरवी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस या एका बाईपुढे मुका व्हायचा.

आता हे दृश्य लोकांनी पाहिलं आणि लोकांना जे वाटायचं ते वाटलं. बाईंच्या खोलीशेजारी सायकल दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं. त्याने तर पंक्चर काढता काढता सगळ्यांना सांगून ठेवलं की गिरणी या वयात जोरात चाललीय. रांगेतल्या बायका स्वतःहून बाजूला सरकून बाईंना वाट द्यायला लागल्या. बाई आधी संकोचल्या, मग गप्प झाल्या, मग केस नीट विंचरून यायला लागल्या. पूर्वी त्या दोन आठवड्यांतून एकदा मोठा डबा आणायच्या. आता दर दोन-तीन दिवसांनी एवढीशी पिशवी. आणि अक्काच्या कानांनी आणखी एक गोष्ट टिपली. पूर्वी बाई 'भाऊ, झालं का दळण' असं म्हणायच्या. ते 'भाऊ' एके दिवशी गळालं आणि त्या जागी नुसतंच 'अहो' आलं.

गिरणीवाल्यांना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसायचं की बाई आल्या की भुकटीला उचलून घेतात. तिच्या ओढीनेच येतायत बिचाऱ्या, त्यांच्या मनात यायचं, जुनी ओळख पटतेय. एकदा बाईंनी उरलेल्या कापडाची एक टोपी शिवून आणली. पीठ केसांत जातं तुमच्या, म्हणाल्या. टोपी डोक्यावर अशी बसली की जणू माप घेऊन शिवली होती. गिरणीवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी सुट्टीच्या एका दुपारी त्यांनी मन घट्ट केलं. तोंड धुतलं, धुतलेला शर्ट घातला, टोपी चढवली, भुकटीला टोपलीत ठेवून झाकण लावलं. भावाला सुट्टीच्या दिवशी धुतलेल्या शर्टात पाहून अक्का हातातलं फडकं ठेवून उठली. तिने त्याची कॉलर सरळ केली, खांद्यावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, देवाचं नाव घे आणि जा. इतकी वर्षं झाली, पण मी काही आड यायची नाही. गिरणीवाल्यांना वाटलं, हिला मांजराचं कळलंय. डोळे भरून आले त्यांचे.

बाई मशीनवर बसल्या होत्या. खिडकीला शिवलेले सदरे टांगलेले, जमिनीवर कापडाच्या कातरणी, पाटावर खडू आणि मोजपट्टी. गिरणीवाल्यांना पाहून त्यांनी पायडल थांबवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. ते बसले नाहीत.

"तुमची एक गोष्ट माझ्यापाशी राहिलीय," ते म्हणाले. बाहेर सायकलवाल्याचा हवेचा पंप थांबला. "फार दिवस झाले. रात्रीची झोप लागत नाही मला."

बाई मशीनच्या चाकावर हात ठेवून खाली बघत राहिल्या. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची. तुम्ही परत मागाल म्हणून."

बाईंनी मान वर केली. इथे काहीतरी टीप चुकली होती. "काय परत मागीन?"

"मांजर," गिरणीवाले म्हणाले आणि टोपलीचं झाकण उघडलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कानामागचा राखाडी रंग, चुकवलेल्या आंघोळी, डॉक्टरीण, पहिला लावलेला डबा, सगळं. तुमच्यावर अन्याय होत होता म्हणून मी तुमचं दळण आधी घ्यायचो, दुसरं काही नाही, असंही सांगून टाकलं, म्हणजे मागे काही शिल्लक राहू नये. बाई ऐकत होत्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, धुतलेल्या शर्टाकडे पाहिलं, डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडायच्या निमित्ताने लपवलं. गिरणीवाल्यांना वाटलं, मांजर मिळाल्याचा आनंद.

"ओळख पटत नसेल तर तुमच्यासमोर धुवून दाखवतो," ते म्हणाले. "जरा पाणी देता का?"

बाई काहीतरी बोलायला गेल्या. तोंड उघडलं, मग मिटलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "देते की. हवं तेवढं देते."

त्यांनी पाणी कोमट केलं, घमेल्यात ओतलं, आणि स्वतः हाताची घडी घालून स्टुलावर बसल्या. गिरणीवाल्यांनी बाह्या सारल्या, भुकटीला उचललं आणि अलगद पाण्यात सोडलं. कानात पाणी जाऊ दिलं नाही. साबण लावला नाही. डॉक्टरणीचा शब्द न् शब्द पाळला, आणि दोन्ही हातांनी तिचं अंग चोळायला लागले.

सगळा जन्म पिठात गेलेला माणूस. पण त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही ते नाहीच आलं. मांजराच्या अंगावर मुठी-मुठीने पीठ, त्यावर कोमट पाणी, आणि वरून चोळणं. जे व्हायचं ते झालं. भुकटीची कणीक झाली. पाठीवर थर, पोटाखाली गोळे, चारही पायांत चिकट मोजे. मिशा गालाला चिकटल्या. ते जितकं चोळत होते तितकी ती छान मळली जात होती. भुकटीने एक लांब, गहिरा सूर काढला, घमेल्यातून उडी मारली आणि खोलीभर धावली. गणवेशाचा एक सदरा, दोन कातरणी आणि मोजपट्टी तिच्या अंगाला चिकटून तिच्याबरोबर धावत होत्या. गिरणीवाले तिच्या मागे, कोपरापर्यंत कणीक. दारात सायकलवाला हातात पाना घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे आणखी कोण कोण.

बाई स्टुलावर बसल्या होत्या त्या तशाच. आधी ओठ घट्ट मिटले त्यांनी. मग खांदे हलायला लागले. मग तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या की त्यांनाच उचकी लागली.

अख्खी दुपार त्या दोघांनी जमिनीवर बसून मांजराची कणीक काढण्यात घालवली. कोमट पाण्याने थोडं थोडं भिजवायचं, बोटांनी गोळे सोडवायचे, आणि थोडं सुकलं की लोकरीचे कपडे झाडायच्या बाईंच्या मऊ ब्रशने विंचरून काढायचं. भुकटी दमून बाईंच्या मांडीवर पडली होती, जगाकडे पाठ करून. हळूहळू खालून मांजर निघायला लागलं. ते पांढरं नव्हतं. राखाडीही नव्हतं. ती निघाली तांबूस, वाळलेल्या पानाच्या रंगाची, पोटावर पांढरा डाग. कानामागचा राखाडी ठिपका बोटाने घासला तर बोटालाच आला. मोटरच्या पट्ट्याचं वंगण होतं ते.

गिरणीवाले ते बोट बघत बसले. "ही तुमची नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाहीच मुळी," बाई म्हणाल्या. "आमच्या मांजराची शेपटी अर्धी होती. दारात सापडून तुटलेली. हिची बघा, हातभर आहे. पहिल्याच दिवशी बघितली होती मी."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सरळ पाणी मागितलंत."

गिरणीवाल्यांच्या छातीवरून पोत्यांची थप्पी उतरली होती. मांजर त्यांचंच होतं. पहिल्यापासून होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि भुकटीला कोरड्या फडक्यात गुंडाळून घेतलं. जायला उठले. दाराशी थांबून विचारलं, आता हिला पुन्हा आंघोळ कधी घालावी.

बाई विखुरलेल्या कातरणी गोळा करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, डॉक्टरीण सांगतेय ते खरंच आहे, आंघोळीची गरज नाही. पण पिठात राहणारं मांजर आहे, ब्रश मात्र रोज फिरवायला हवा. "ब्रश इथे आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी गिरणी बंद केलीत की घेऊन येत जा."

"रोज?"

"रोज."

गिरणीवाल्यांनी मनापासून विचार केला. मग म्हणाले, "तुम्हाला कशाला रोज त्रास? उद्या बाजारातून मीच एक विकत आणतो."

बाहेर सायकलवाल्याने पाना खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. बाई मशीनवर जाऊन बसल्या आणि पायडल सुरू केलं.

गिरणीवाले रस्त्याला लागले. एक घर गेलं. बाईंनी 'भाऊ' म्हणणं कधी बंद केलं बरं, हे त्यांना तिथे आठवायला लागलं. दुसरं घर गेलं. एवढ्याशा पिशव्या आणि दर दोन दिवसांनी, हेही आठवलं. कॉलर सरळ करताना अक्का काय म्हणाली होती ते आठवलं, आणि तिसऱ्या घरापाशी ते उभेच राहिले. समोर गिरणीच्या दारात अक्का वाट बघत होती. भाऊ थांबला आणि उलट्या पावली वळला, हे तिला दिसलं.

बाईंच्या दारात येऊन ते उभे राहिले. कान लाल झाले होते. फडक्यातून तांबूस डोकं बाहेर आलं होतं. पायडल थांबलं.

"बाजारात चांगले ब्रश मिळत नाहीत," गिरणीवाले म्हणाले. त्यांना ते हळूच म्हणायचं होतं. पार गिरणीपर्यंत ऐकू गेलं.